मधलं दीड वर्ष

मृत्यूच्या दाखल्यात जन्मगावाचा एक रकाना असतो. माणूस कधी गेला, कशाने गेला हे पाहून झालं की दाखला घडी घालून ठेवला जातो, त्या रकान्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. १९६८ साली गेल डीन वॉर्डलो या संशोधकाच्या हाती मिसिसिपी राज्याच्या दप्तरातला असा एक दाखला लागला. नाव रॉबर्ट जॉन्सन. वय २६. धंदा वादकाचा. मृत्यू १६ ऑगस्ट १९३८, ग्रीनवुड गावाजवळ. कारणाच्या जागी एवढंच की डॉक्टर नव्हता. वडील नोआ जॉन्सन, आई ज्युलिया. आणि जन्मगाव हेझलहर्स्ट.

या माणसाच्या गाण्यांचा मोठा संग्रह १९६१ साली निघाला तेव्हा त्याला ‘डेल्टा ब्लूज गायकांचा राजा’ अशा अर्थाचं नाव दिलं गेलं होतं. हेझलहर्स्ट मात्र डेल्टात नाही. मिसिसिपी नदीच्या गाळाने सपाट झालेला तो कापसाचा मुलूख उत्तरेला राहिला. हे गाव राजधानी जॅक्सनच्याही दक्षिणेला, पाइनच्या झाडांनी भरलेल्या टेकड्यांत, रेल्वेच्या रुळांकडेला वसलेलं आहे. एकोणीस-वीस वर्षांचा रॉबर्ट डेल्टातून उठून याच जन्मगावी गेला आणि परतला तेव्हा त्याचा हात ओळखू येऊ नये इतका बदलला होता.

मधल्या काळात काय झालं याची जगाने एक गोष्ट रचली. मध्यरात्री चौरस्त्यावर सैतान भेटला, रॉबर्टने आत्मा विकला आणि बदल्यात बोटांत विद्या आली. क्लार्क्सडेल गावात ६१ आणि ४९ क्रमांकांचे महामार्ग जिथे मिळतात तिथे निळ्या गिटारी लावलेला खांब उभा आहे. लांबलांबून आलेले लोक त्याखाली फोटो काढतात. आपल्याकडे बखर आणि अस्सल कागद यांतला फरक वि. का. राजवाड्यांच्या पिढीने शिकवला. ब्लूजच्या इतिहासातही बखर आधी लिहिली गेली आणि कागद मागाहून सापडले. ते थोडेच आहेत, पण त्या प्रवासाचा हिशेब मांडायला पुरेसे आहेत.

मात्र कागदही डोळे मिटून वाचता येत नाहीत. रॉबर्टच्या जन्मसालाचंच पाहा. १९१०च्या जनगणनेत आईच्या मुलांत तो नाही. १९२०च्या जनगणनेत त्याचं वय सात लिहिलं आहे, म्हणजे जन्म १९१२ किंवा १९१३चा. शाळेच्या नोंदी वेगळं सांगतात, लग्नाचे दोन परवाने आणखी वेगळं. सावत्र बहीण कॅरीच्या म्हणण्याप्रमाणे आईला आठवत असलेली तारीख ८ मे १९११, आणि आज सगळे तीच धरतात. मृत्यूच्या दाखल्याच्या मागच्या बाजूला अधिकाऱ्याने एक टिपण लिहिलं होतं. ती बाजू कित्येक वर्षांनी उजेडात आली. मळेवाल्या गोऱ्याच्या सांगण्यावरून त्यात लिहिलंय की हा माणूस दोन-तीन आठवड्यांपूर्वी ट्युनिकाहून मळ्यावरच्या नाचात बँजो वाजवायला आला होता. बँजो! ज्याच्या गिटारीवर पुढे अर्ध्या जगाची संगीतविद्या उभी राहिली, त्याच्या हातात सरकारी कागदाने दिलेलं वाद्य हे असं. मळेवाल्याला त्यात रस नव्हता, कारकुनाने ऐकलं ते लिहिलं. म्हणून एका कागदाला दुसऱ्या कागदाची साक्ष काढावी लागते.

नावाचंही तेच. आई ज्युलिया, तिचा नवरा चार्ल्स डॉड्स. हेझलहर्स्टमध्ये गोऱ्यांशी वैर झालं म्हणून डॉड्सला जीव वाचवून मेम्फिसला पळावं लागलं, तिथे तो स्पेन्सर या नावाने राहिला. तो गेल्यानंतर ज्युलियाला नोआ जॉन्सनपासून झालेला मुलगा हा रॉबर्ट. लहानपणी काही काळ तो मेम्फिसला स्पेन्सरांच्या घरी वाढला, मग आई आणि नव्या सावत्र बापाबरोबर आर्कान्सात आणि नंतर उत्तर डेल्टातल्या ट्युनिका काउंटीत, रॉबिन्सनव्हिलजवळच्या मळ्यावर. जनगणनेत आणि इंडियन क्रीक शाळेच्या पटावर तो रॉबर्ट स्पेन्सर आहे. खरा बाप कोण हे कळल्यावर त्याने जॉन्सन हे नाव घेतलं. फेब्रुवारी १९२९मध्ये त्याचं लग्न झालं तेव्हा कागदावर सही आहे ती रॉबर्ट जॉन्सनची. बापाचं तोंड न पाहिलेल्या मुलाने बापाचं नाव लावलं. दक्षिणेकडच्या वाटेचं पहिलं पाऊल मला या सहीत दिसतं.

बायको व्हर्जिनिया ट्रॅव्हिस, चौदा-पंधरा वर्षांची पोर. एप्रिल १९३०मध्ये बाळंतपणात ती गेली, मूलही वाचलं नाही. मॅक मॅकॉर्मिक नावाचा संशोधक पुढे तिच्या नातेवाइकांना भेटला तेव्हा त्यांनी सांगितलं की ही देवाने दिलेली शिक्षा होती, कारण रॉबर्ट चर्चची गाणी सोडून संसारी गाणी गात होता. अशा माणसाने सैतानाला आत्मा विकला, असं तिथले चर्चवाले लोक म्हणत. हा त्यांच्या रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार होता. शेती सोडली, प्रार्थना सोडली, शनिवारी रात्री दारूच्या झोपडीत वाजवायला गेला, की झालं. मॅकॉर्मिकच्या मते रॉबर्टनेही तो शब्द स्वतःपुरता मान्य केला होता: घर, शेत, संसार हे आपल्यासाठी संपलं, यापुढे गाणंच. चौरस्त्याच्या गोष्टीत जो आत्मा विकला जातो त्याची मुळं या सुतकी घरात आहेत.

बायको गेली त्याच वर्षी ट्युनिकाच्या परिसरात सन हाउस राहायला आला. हाउस आधी धर्मोपदेशक होता, मग ब्लूजकडे वळला, एका माणसाच्या खुनापायी तुरुंगही भोगून आला होता. मे १९३०च्या अखेरीस विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्राफ्टन गावी पॅरामाउंट कंपनीसाठी त्याने ध्वनिमुद्रण केलं. बरोबर चार्ली पॅटन आणि विली ब्राउन होते. ब्राउन रॉबिन्सनव्हिलचा, म्हणून हाउसही तिथे आला. शनिवारी रात्री दोघे जूकमध्ये वाजवत. जूक म्हणजे मजुरांची दारूची, नाचाची, जुगाराची झोपडी. रॉबर्ट घरच्यांची नजर चुकवून तिथे येई आणि दोघांच्या पायांशी जमिनीवर बसे.

पुढे १९६४ साली हाउस पुन्हा सापडला, तेव्हा मुलाखतकारांना त्याने त्या मुलाबद्दल सांगितलं. माउथ ऑर्गन बरा वाजवायचा. पण हे दोघे विडी ओढायला, वारा खायला बाहेर गेले की तो गिटार उचलायचा आणि असा काही गोंगाट करायचा की आतली माणसं बाहेर येऊन विनवायची, त्या पोराच्या हातून गिटार काढून घ्या. हाउस त्याला रागवायचा. मग एक दिवस तो मुलगा गावातून निघून गेला.

किती दिवसांसाठी? हाउसच्या आठवणीत हा काळ सहाएक महिन्यांचा आहे. या सहा महिन्यांवरच सैतानाची सगळी इमारत उभी आहे, कारण सहा महिन्यांत माणूस इतका बदलत नाही. म्हणून मी तारखा एका कागदावर ओळीने मांडून पाहिल्या.

मे १९३०च्या अखेरीस हाउस ग्राफ्टनला आहे. म्हणजे रॉबिन्सनव्हिलच्या त्या शनिवारच्या रात्री त्यानंतरच्या. रॉबर्ट निघाला तो लवकरात लवकर १९३०च्या उन्हाळ्यात. दुसरं टोक कोपाया काउंटीत सापडतं. हेझलहर्स्ट हे त्या काउंटीचं मुख्य गाव. मे १९३१मध्ये तिथे रॉबर्ट जॉन्सन आणि कॅलेटा क्राफ्ट यांच्या लग्नाची नोंद झाली. त्याच्याही आधीचा पुरावा एका मुलाच्या जन्माचा. १६ डिसेंबर १९३१ रोजी व्हर्जी स्मिथ या तरुणीला मुलगा झाला, क्लॉड. जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव आर. एल. जॉन्सन, मजूर. डिसेंबरातून नऊ महिने मागे गेलं की मार्च येतो, म्हणजे १९३१च्या वसंतात रॉबर्ट कोपायात नक्की होता. आणि १९३२मध्ये तो कॅलेटाला घेऊन डेल्टातल्या क्लार्क्सडेलला आलेला दिसतो. निघाला १९३०च्या उत्तरार्धात किंवा १९३१च्या अगदी सुरुवातीला, परतला १९३२मध्ये. कमीत कमी एक वर्ष, बहुधा दीड, कदाचित त्याहून थोडं जास्त. म्हाताऱ्या हाउसच्या स्मरणात ते आक्रसून सहा महिने झालं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा काळ आठवताना असं होतंच.

आता त्या दीड वर्षात रॉबर्ट कोणाकडे होता?

तो हेझलहर्स्टला गेला तो बापाच्या शोधात, असं बहुतेक चरित्रकार मानतात. नोआ जॉन्सन भेटल्याचा कोणताही कागद नाही. भेटला तो आइक झिमरमन. हा मूळचा अलाबामातल्या ग्रेडी गावचा, रॉबर्टहून काही वर्षांनी मोठा, बायकोमुलं असलेला. राहायचा हेझलहर्स्टच्या दक्षिणेला बोरगार्डला. दिवसा रस्तेखात्याच्या कामावर, शनिवारी रात्री गिटार. तेव्हा मंदी होती. १९२९मध्ये पौंडाला सोळा सेंटांच्या वर असलेला कापूस १९३१मध्ये सहा सेंटांच्या खाली उतरला होता. डेल्टातल्या अर्धेलीने शेती करणाऱ्याच्या हाती रोकड उरली नव्हती. कोपायात मात्र रस्त्याची कामं होती, लाकूडतोड होती, क्रिस्टल स्प्रिंग्जहून टोमॅटोच्या वाघिणी भरून जात होत्या. जिथे मजुरी रोख मिळते तिथेच गाणाऱ्यापुढे नाणं पडतं.

आइकचं एकही ध्वनिमुद्रण नाही. त्याचं नावसुद्धा कित्येक वर्षं चुकीचं छापलं गेलं. १९९०मध्ये रॉबर्टच्या समग्र ध्वनिमुद्रणांचा संच निघाला आणि त्यासोबत स्टीव्ह लव्हेअरने लिहिलेलं चरित्र आलं. त्यात हे आडनाव झिनरमन असं आहे. कोणाच्या तरी तोंडून ऐकलं, कानाला जसं लागलं तसं उतरलं, पुढच्या प्रत्येक पुस्तकाने तेच उचललं. चुकीच्या नावाने जनगणनेची पानं कितीही चाळली तरी माणूस सापडत नाही. ब्रूस कॉन्फोर्थ या अभ्यासकाने आइकच्या मुलीला शोधलं, तिच्याकडून आडनाव दुरुस्त करून घेतलं आणि २००८ साली ‘लिव्हिंग ब्लूज’ या नियतकालिकात सगळं मांडलं. एक अक्षर बदललं आणि ब्लूजच्या इतिहासातला एक गुरू घरादारासकट समोर आला.

मुलीने सांगितलेलं असं. रॉबर्ट त्यांच्याच घरी राहायला होता, इतका की लहानपणी तिला तो घरातलाच कोणी वाटे. वडील त्याला शिकवत. रात्री उशिरा, घर झोपल्यावर दोघे गिटार घेऊन निघत, रस्ता ओलांडून समोरच्या दफनभूमीत जात आणि थडग्यांच्या दगडांवर बसून वाजवत. आइकबद्दल भागात बोललं जाई की तो स्वतः मध्यरात्री दफनभूमीत जाऊन गिटार शिकला. भुताखेतांच्या गोष्टीला एवढं सामान पुष्कळ झालं. पण लहान मुलं झोपलेल्या, पातळ लाकडी भिंतींच्या घरात रात्री दोन गिटारी कुठे वाजवणार? शेजाऱ्यांनाही पहाटे कामावर जायचं असतं. रॉबिन्सनव्हिलला ज्याच्या हातून गिटार काढून घ्या म्हणत होते, त्याला चुकत चुकत वाजवायला एक जागा मिळाली. आपल्याकडे पहाटेच्या खर्जासाठी लोक नदीकाठी जात, रानातल्या देवळात जाऊन बसत. रियाजाला एकांत लागतो, मग तो जिथे मिळेल तिथे.

या आठवणी लेकीच्या आहेत आणि कैक दशकांनंतर सांगितलेल्या आहेत. त्यांत घरच्यांच्या तोंडून पुढे ऐकलेलं मिसळलेलं असणार, बापाबद्दलचा अभिमानही असणार. तरी मी त्या खऱ्या धरतो, कारण त्यांची बाजू तारखा घेतात. मुलीला लग्नाच्या नोंदीतला महिना माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण ती रॉबर्टला ज्या वेळी आपल्या घरात बसवते, त्याच वेळी परवाना आणि जन्मदाखला त्याला त्याच काउंटीत दाखवतात.

कॅलेटाबद्दल फार थोडं हाती लागतं. ती रॉबर्टहून दहाएक वर्षांनी मोठी, आधीच्या लग्नाची तीन मुलं तिच्या पदरी. १९३२मध्ये तो तिला क्लार्क्सडेलला घेऊन आला आणि थोड्याच दिवसांत तिला सोडून भटक्या वादकांच्या वाटेला लागला. १९३३च्या सुरुवातीला ती वारली. रॉबर्टची विद्या वाढत होती त्या दिवसांत घरातली चूल कोणी पेटती ठेवली, हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

परतल्यावरची ती रात्र हाउसने अनेकदा सांगितली आहे. रॉबिन्सनव्हिलच्या पूर्वेला बँक्स नावाची वस्ती. शनिवार. हाउस आणि ब्राउन वाजवत बसलेत, दारातून रॉबर्ट आत येतो, पाठीला गिटार. हाउस चेष्टा करतो, आता ही घेऊन काय करणार म्हणून. रॉबर्ट म्हणतो, तुमची खुर्ची जरा द्या. हाउस उठतो. मुलगा बसतो, वाजवतो, आणि दोघे उस्ताद तोंडात बोटं घालून ऐकत राहतात.

१९६६मध्ये पीट वेल्डिंगने हाउसचं म्हणणं छापलं की या मुलाने सैतानाशी सौदा केला असावा. हाउस ज्या भाषेत वाढला त्या भाषेत या शब्दांचा अर्थ काय, हे विचारायला कोणी थांबलं नाही. चौरस्त्याचं सविस्तर वर्णन तर मुळात दुसऱ्याच जॉन्सनचं आहे. टॉमी जॉन्सन हा क्रिस्टल स्प्रिंग्जकडचा मोठा ब्लूज गायक. त्याचा भाऊ लेडेल याने डेव्हिड एव्हान्सला सांगितलं की टॉमी मध्यरात्रीच्या आधी चौरस्त्यावर जाऊन बसला, एक उंच काळा माणूस आला, गिटार घेऊन सुरात लावून दिली आणि परत केली. आडनाव तेच आणि मुलूखही तोच, कारण क्रिस्टल स्प्रिंग्ज हेझलहर्स्टच्या शेजारचं आणि कोपाया काउंटीतलं गाव. १९७०नंतरच्या पुस्तकांनी टॉमीची गोष्ट उचलून रॉबर्टच्या गळ्यात घातली आणि ती घट्ट बसली. तिच्यामुळे आइक झिमरमन पुसला गेला याचं मला फार वाईट वाटतं. जो माणूस स्वतःच्या घरात ठेवून, रात्री जागून शिकवत होता, त्याची जागा अंधारातल्या एका बिननावाच्या आकृतीला मिळाली.

उरला शेवटचा पुरावा, खुद्द ध्वनिमुद्रणं. नोव्हेंबर १९३६च्या २३, २६ आणि २७ तारखा, सॅन अँटोनियोतलं गंटर हॉटेल. जून १९३७च्या १९ आणि २० तारखा, डॅलस. रॉबर्टच्या ध्वनिमुद्रणाचे दिवस एकूण पाच, गाणी २९. त्यांत शिकलेल्याचे थर ओळखू येतात. स्किप जेम्सने फेब्रुवारी १९३१मध्ये ग्राफ्टनला मुद्रित केलेल्या गाण्यांची छाया आहे, कोकोमो आर्नल्ड आणि लिरॉय कार यांच्या तबकड्या कान देऊन ऐकल्याच्या खुणा आहेत. पियानोवाल्याच्या डाव्या हाताचं काम रॉबर्टचा अंगठा खर्जाच्या तारांवर करतो, एक न चुकणारा ठेका, आणि बाकीची बोटं वरच्या तारांवर गळ्याच्या ओळीला उत्तर देतात. पहिल्यांदा ऐकताना दोन जण वाजवताहेत असं वाटतं. हे काम अंगठ्याला मनापासून वेगळं व्हायला शिकवल्याशिवाय होत नाही, आणि त्याला महिनेच्या महिने लागतात. गिटार हाती धरलेल्या कोणालाही विचारा.

२७ नोव्हेंबर, सॅन अँटोनियोचा शेवटचा दिवस. त्या दिवशी रॉबर्टने ‘वॉकिन ब्लूज’ आणि ‘प्रीचिंग ब्लूज’ गायले, दोन्ही सन हाउसकडची. रॉबिन्सनव्हिलच्या जमिनीवर बसून ऐकलेलं सहा वर्षांनी त्याने मेणाच्या तबकडीत उतरवलं. ‘क्रॉस रोड ब्लूज’ही त्याच दिवसाचं. त्यात सैतान कुठेच नाही. संध्याकाळ होत आलेली, एक काळा माणूस चौरस्त्यावर गुडघे टेकून देवाची करुणा भाकतो, गाडीला हात करतो आणि कोणी थांबत नाही. १९३०च्या मिसिसिपीत सूर्य मावळल्यावर परक्या गावाच्या रस्त्यावर एकट्या काळ्या माणसाला कशाची भीती वाटत असेल, हे सांगायला गूढाची गरज नव्हती.

क्लॉड जॉन्सन खडीचा ट्रक चालवत क्रिस्टल स्प्रिंग्जला म्हातारा झाला. बापाच्या गाण्यांचं उत्पन्न वाढलं तसा वारसाचा दावा उभा राहिला. १९९८मध्ये खालच्या न्यायालयाने त्याला रॉबर्टचा मुलगा ठरवलं, २००० साली मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मजुराचा मुलगा म्हणून जन्माला आलेला वादकाचा वारस ठरला. त्या काळात त्याने एक आठवण सांगितली. तो पाच-सहा वर्षांचा होता, आजीआजोबांकडे वाढत होता. दोघेही चर्चचे कट्टर. रॉबर्ट मुलाला बघायला आला तेव्हा त्यांनी त्याला घरात येऊ दिलं नाही, तू सैतानाचं काम करतोस म्हणाले. मूल दारात उभं होतं, बाप खाली अंगणात. थोड्या वेळाने बाप रस्त्याला लागला.